एव्हरेस्टवरून नेय्यूरला : डॉ. हॉवर्ड सॉमरव्हेल

आपल्या मंडळाच्या बैठकीत दर वेळी एकाने एका माणसाचं चरित्र सांगायचं, असा रिवाज आहे. माझी पाळी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की मी एखादी लेखिका निवडेन. रेव्हरंड टिळक झाले, लक्ष्मीबाई झाल्या, पंडिता रमाबाई तर दोनदा झाल्या. मी मात्र एका इंग्रज डॉक्टरचं नाव घेतलं आणि मागच्या बाकावरून लगेच विचारणा झाली की हे कोण बुवा? त्या दिवशी वेळ कमी होता, म्हणून थोडक्यात आटोपलं. अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा ठरवलं की आता नीट सांगायचं. आणि हा माणूस मी का निवडला, हे बैठकीत सांगितलं नव्हतं, तेही सांगायचं.

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीनंतर आम्ही बारा जण उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकला गेलो होतो. बेळगावची पोरं आम्ही. राजहंसगड, आंबोली, फार तर सह्याद्रीतले चार-पाच किल्ले एवढाच अनुभव. पाऊस माहीत, निसरडी वाट माहीत, दरड माहीत. बर्फ मात्र फ्रीजरमधलाच. गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून बस, तिथून जीप. तिसऱ्या मुक्कामावर पोचलो आणि दोन रात्री सलग बर्फ पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश असं निळं की डोळे दिपावेत. सगळे फोटोला सरसावले. माथा समोर दिसत होता. मध्ये एक आडवा उतार तेवढा ओलांडायचा होता.

आमचा गाईड चाळिशीचा, तिथल्याच खालच्या गावचा. आम्ही त्याला भैया म्हणायचो. त्या उताराच्या अलीकडे तो थांबला. दोन पावलं पुढे गेला तर पायाखालून धप्प असा आवाज आला, जशी धान्याची कणगी आतून बसावी तसा. त्याच्या बुटापासून एक बारीक चीर निघाली आणि पाच-सहा हात पळत गेली. तो तसाच मागे फिरला आणि म्हणाला की आज इथूनच परत.

आम्ही वाद घातला. पैसे भरलेत, सुट्टी संपत आली, हवा इतकी छान आहे, पलीकडे तर पोचलोच की. सगळ्यांत जास्त वाद मी घातला. आणि शेवटी मी असं म्हणाले की तुमच्या पोरांपैकी एकाला आधी पाठवून बघा ना, तो गेला तर आम्ही जातो. पोरं म्हणजे सामान वाहणारे दोघे. त्यातला एक आमच्यापेक्षाही लहान होता. भैया काहीच बोलला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं, पाठपिशवी उचलली आणि उतरायला लागला. आम्ही तोंडं पाडून मागोमाग.

परत आल्यावर ही हकीगत मी सरांना सांगितली, तीही तक्रारीच्या सुरात. माझं ते वाक्यही सांगून टाकलं, त्यात काही वावगं आहे असं मला वाटतच नव्हतं. सर हसले नाहीत की रागावलेही नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी एक जुनं, कडा पिवळ्या पडलेलं पुस्तक हातात ठेवलं. आफ्टर एव्हरेस्ट. लेखक टी. एच. सॉमरव्हेल. १९२२ सालचा भाग आधी वाच, एवढंच म्हणाले.

थिओडोर हॉवर्ड सॉमरव्हेल यांचा जन्म १६ एप्रिल १८९० चा, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या केंडल गावातला. घरचा बुटांचा मोठा कारखाना होता. मुलानं तोच धंदा पुढे चालवला असता तर कुणालाच नवल वाटलं नसतं. पण घराच्या आजूबाजूला लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर होते आणि पोराला त्यांचाच नाद लागला. रग्बीच्या शाळेत शिक्षण झालं, मग केंब्रिजला गॉनव्हिल अँड कीझ कॉलेजात निसर्गविज्ञानात दोन्ही भागांत पहिला वर्ग, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात वैद्यकीचं शिक्षण. चित्रं काढायचा, पियानो वाजवायचा, धट्टाकट्टा होता. अशी माणसं असतात, ज्यांना सगळंच येतं आणि तरी त्यांचा राग येत नाही.

शिक्षण संपतं न संपतं तोच पहिलं महायुद्ध सुरू झालं. सॉमरव्हेल सैन्याच्या वैद्यकीय दलात गेले आणि फ्रान्समध्ये आघाडीजवळच्या जखमींच्या केंद्रात काम करू लागले. १ जुलै १९१६ ला सोमची लढाई सुरू झाली. केंद्रात जागा होती हजारभर माणसांची. जखमी येत राहिले आणि शेजारच्या शेतात स्ट्रेचरच्या रांगा पसरत गेल्या. शस्त्रक्रिया करणारे हात मोजके. मधल्या वेळात हा तरुण डॉक्टर त्या रांगांमधून हिंडायचा आणि पुढे कुणाला घ्यायचं ते ठरवायचा. ज्याला घेतलं नाही तो बहुधा मरणार, हे दोघांनाही कळत असे. आणि तरीही, आधी मला घ्या म्हणून कुणी हात धरला नाही, उलट शेजारच्याकडे बोट दाखवलं, ही गोष्ट त्यांच्या मनात कायमची बसली. तिथून ते युद्धाचे कट्टर विरोधक होऊनच परतले.

युद्धानंतर मन निवायला डोंगरच होते. आल्प्समध्ये त्यांनी एकेका सुट्टीत डझनांनी शिखरं केली. १९२२ मध्ये एव्हरेस्टची मोहीम निघाली तेव्हा बोलावणं आलं. मोहिमेचे प्रमुख जनरल चार्ल्स ब्रूस. सोबत जॉर्ज मॅलरी, नॉर्टन, मोर्सहेड, फिंच अशी मंडळी. मॅलरी शाळामास्तर, पाद्र्याचा मुलगा. त्याची आणि सॉमरव्हेलची अशी गट्टी जमली की तंबूत दोघे एकमेकांना शेक्सपिअर वाचून दाखवायचे.

त्या वेळी नेपाळचं दार बंद होतं. वाट तिबेटातून, उत्तरेच्या बाजूनं. रोंगबुक हिमनदीवरून वर सरकत तिसरा तळ सुमारे ६,४०० मीटरवर. तिथून बर्फाच्या एका उंच भिंतीसारख्या उतारावरून नॉर्थ कोल नावाच्या खिंडीत पोचायचं, आणि मग शिखराची धार. २१ मे १९२२ ला मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरव्हेल ऑक्सिजनशिवाय सुमारे ८,२२५ मीटरपर्यंत गेले. इतक्या उंचीवर तोवर माणसाचं पाऊल पडलेलं नव्हतं. सहाच दिवसांनी फिंच आणि जेफ्री ब्रूस ऑक्सिजन लावून आणखी वर, सुमारे ८,३२० मीटरवर गेले.

इथे मोहीम थांबली असती तर सगळे यश घेऊन घरी गेले असते. पण आणखी एक प्रयत्न करायचं ठरलं. जूनचा पहिला आठवडा. पाऊसकाळ दारात. आपल्याकडे मृग लागतो तेव्हा तिकडे एव्हरेस्टवर बर्फ पडायला लागतं. आणि पडलंही, भरपूर. मग ढग गेले, ऊन पडलं. तिसऱ्या तळावर एक दिवस थांबून त्यांनी नवं बर्फ बसायची वाट पाहिली. आल्प्समधला त्यांचा अनुभव असा की एखाद-दुसऱ्या दिवसात नवं बर्फ खालच्या थराला धरतं. ही माणसं अनाडी नव्हती. धोका आहे हे त्यांना ठाऊक होतं, त्यावर ते बोललेही होते.

७ जूनच्या सकाळी मॅलरी, सॉमरव्हेल आणि क्रॉफर्ड हे तिघे इंग्रज आणि चौदा हमाल निघाले. चार दोरांवर सतरा माणसं. पहिल्याच उभ्या टप्प्यावर त्यांनी बर्फ मुद्दाम दाबून, तुडवून पाहिलं, सरकतं का म्हणून. सरकलं नाही. मग भरवसा वाटला. मांडीपर्यंत रुतत, वाट पाडत ते चढत राहिले. पुढे सॉमरव्हेल होते. दुपारी दीडच्या सुमारास, खिंड अजून सहाशे फूट वर असताना, एक आवाज झाला. मोठा नाही, दबका, दारूचा बार दूर कुठेतरी फुटावा तसा. आणि सगळा उतारच चालू लागला.

पहिल्या दोरावरचे तिघे आणि त्यांच्याबरोबरचा हमाल थोडं घसरून, बर्फाखाली जाऊन पुन्हा वर आले. त्यांच्या मागचा दोरही खाली जाऊन थांबला. पण त्याच्याही मागच्या दोन दोरांवर नऊ माणसं होती. त्यांच्या खाली बर्फाचा चाळीस-साठ फुटांचा कडा होता, आणि कड्याखाली हिमभेग. नऊच्या नऊ जण कड्यावरून फेकले गेले आणि वरून आलेल्या बर्फानं ती भेग भरून टाकली. वाचलेल्यांनी हातांनी, मिळेल त्यानं उकरलं. दोघे जिवंत निघाले. सात जण गेले.

त्यांच्या भावाबंदांनी सांगितलं की प्रेतं बाहेर काढू नका, डोंगराच्या स्वाधीन झालेत ते, तिथेच राहू द्या. तसंच केलं. खाली त्यांच्या नावानं दगड रचले.

आता इथे सरांनी मला वाचायला लावलेला तो भाग येतो. उतरताना सॉमरव्हेलना एकच गोष्ट खात होती. मेले ते सगळे हमाल होते. साहेबांपैकी एकही नाही. मार्ग कुणी ठरवला? साहेबांनी. बर्फ तपासून ठीक आहे असं कुणी म्हटलं? साहेबांनी. शिखराचं नाव कुणाचं होणार होतं? साहेबांचं. आणि चुकीची किंमत दिली ती पाठीवर ओझं घेऊन मागून येणाऱ्या माणसांनी, ज्यांना कुणी विचारलंही नव्हतं. आपल्यातला एकजण तरी त्यांच्यात असायला हवा होता, म्हणजे जे हमाल उरले त्यांना निदान एवढं कळलं असतं की नुकसान आपण वाटून घेतलं, असं त्यांना मनापासून वाटत राहिलं. हे त्यांनी नंतर पुस्तकात काहीही न लपवता लिहिलं. मॅलरीनंही दोष स्वतःवर घेतला.

हा भाग वाचला आणि मी पुस्तक मिटवलं. तुमच्या पोरांपैकी एकाला आधी पाठवून बघा ना. हे मी बोलले होते. भैयानं माझ्याकडे का तसं बघितलं, ते मला कळायला महिना लागला.

पुढचं चरित्र सांगण्याआधी बर्फाबद्दल थोडं सांगते, कारण मंडळातले निम्मे जण जानेवारीत कुठे ना कुठे जायच्या बेतात आहेत. १९२२ मध्ये ज्या गोष्टी अनुभवानं शिकायच्या होत्या, त्या आता पुस्तकात आहेत.

बर्फ एकाच घडीचं नसतं, थरांचं असतं. जुन्या कडक थरावर नवं भुसभुशीत बर्फ पडतं, वारा त्याला वाहून आडोशाच्या बाजूला साठवतो आणि दाबून त्याची फळी करतो. खाली थर कमकुवत असला की ही फळी नुसती ठेवल्यासारखी असते. माणसाचं वजन पडलं की खालचा थर कोसळतो आणि फळी सुटते. आम्ही ऐकलेला धप्प आवाज आणि ती पळणारी चीर हीच त्याची खूण. बर्फ स्वतःच सांगत होतं, आणि भैयाला ती भाषा येत होती. असे लोट बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात, म्हणजे चढायला नेमके बरे वाटतात अशाच उतारांवर. भरपूर बर्फ पडल्यानंतरचा पहिला निळा दिवस हा सगळ्यांत मोहाचा, आणि फार धोक्याचाही. थंडी जितकी जास्त तितकं नवं बर्फ जुन्याला धरायला वेळ लागतो, म्हणून आल्प्सचा दोन दिवसांचा हिशेब एव्हरेस्टवर लागू पडला नाही. आणि एका जागी बर्फ तुडवून पाहिलं, टिकलं, म्हणून शंभर फुटांवरचंही टिकेल असं नसतं. मॅलरी-सॉमरव्हेल तिथेच फसले.

आजची शिस्त अशी की संशयाचा उतार ओलांडायचाच नाही. ओलांडणं भाग पडलं तर एकेकानं जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. सतरा माणसं एकाच वेळी एका उतारावर कधीही नाहीत. प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारं-घेणारं यंत्र, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची लांब सळई. ती का? तर गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत काढलं तर दहातले साधारण नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर ते प्रमाण दहातल्या तिघांवर येतं. खालून मदत येईपर्यंत थांबायला वेळच नसतो. वाचवणारे असतात ते सोबतचेच.

आपल्या देशात मनालीला १९६९ पासून याचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे. आता ती संरक्षण खात्याच्या वेगळ्या नावाच्या संस्थेत सामावली आहे. हिवाळ्यात काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडसाठी हिमस्खलनाचे इशारे निघतात. निघण्याआधी ते बघायला दोन मिनिटं लागतात. आम्ही बघितले नव्हते. तरीही सगळं कळून, सगळं शिकूनही अपघात होतातच. १९२२ ला बरोबर शंभर वर्षं झाली त्या ऑक्टोबरात उत्तराखंडातल्याच द्रौपदी का डांडा शिखरावर प्रशिक्षणाला गेलेल्या तुकडीवर बर्फाचा लोट आला आणि सत्तावीस जणांचे देह मिळाले, दोघे त्या वेळी सापडले नाहीत. एप्रिल २०१४ मध्ये एव्हरेस्टच्या नेपाळच्या बाजूला सोळा जण एका सकाळी गेले. ते सगळे वाट तयार करणारे आणि ओझी वाहणारे होते. म्हणजे सॉमरव्हेलना पडलेला प्रश्न अजून तसाच आहे.

तर १९२२ चा तो उन्हाळा संपला. बाकीचे बोटीनं घरी निघाले. सॉमरव्हेलनी मात्र खिशात साठ पौंड घेऊन भारत बघायचं ठरवलं. उत्तरेकडून फिरत फिरत ते पार दक्षिणेच्या टोकाला, तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात नेय्यूरला आले. आता ते कन्याकुमारी जिल्ह्यात येतं. तिथे लंडन मिशनरी सोसायटीचं इस्पितळ होतं, १८३८ मध्ये सुरू झालेल्या कामाचं. आपल्या भागात ऑपरेशन म्हटलं की जुनी माणसं अजून मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचं नाव काढतात ना, तसं तिकडे नेय्यूर.

इस्पितळात डॉ. पघ नावाचे एकच सर्जन, थकून गेलेले. आणि बाहेर रोग्यांची रांग. कुणी बैलगाडीतून आलेलं, कुणी खांद्यावरून. सॉमरव्हेल पाहुणे म्हणून आले आणि मदतीला उभे राहिले. मला वाटतं, त्यांना ती रांग आधी पाहिलेली वाटली असणार. सोमच्या शेतातली. फरक एवढाच की इथे लढाई नव्हती आणि ही रांग रोजची होती.

इंग्लंडला परतल्यावर त्यांना ज्या इस्पितळात ते शिकले तिथेच मानाची जागा देऊ केली गेली. त्या काळातल्या तरुण सर्जनला याहून मोठं काय हवं असतं? त्यांनी ती नाकारली आणि १९२३ मध्ये नेय्यूरला निघून आले. घरच्यांना, मित्रांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. आपल्याकडे कॅम्पस इंटरव्ह्यूत लागलेली नोकरी सोडून कुणी खेडेगावात जातो म्हणाला तर काय होईल?

हे त्यांनी त्या सात माणसांसाठी केलं का? तसं सरळ म्हणता येत नाही. त्यांची श्रद्धा होती, स्वभाव होता, नेय्यूरची गरज डोळ्यांसमोर होती. माणूस एका कारणानं आयुष्य बदलत नाही. पण ७ जून आणि नेय्यूर यांच्यात काही महिन्यांचंच अंतर आहे, आणि मला तरी ते दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

१९२४ मध्ये पुन्हा एव्हरेस्टचं बोलावणं आलं आणि ते नेय्यूरहून गेले. या मोहिमेचा शेवट जगाला माहीत आहे, मॅलरी आणि अर्व्हिन दिसेनासे झाले. पण त्याआधी, २४ मेला, जे घडलं ते फारसं कुणी सांगत नाही. वादळी हवेत चार हमाल नॉर्थ कोलवर अडकले होते. नवं बर्फ पडलेलं, उतार तोच, दोन वर्षांपूर्वीसारखाच. शिखराच्या दृष्टीनं शहाणपण यात होतं की दमलेल्या माणसांनी आपली ताकद राखून ठेवावी. नॉर्टन, मॅलरी आणि सॉमरव्हेल तिघेही वर गेले. तिघांचीही तब्येत धड नव्हती, सॉमरव्हेलना तर खोकल्यानं बेजार केलं होतं.

शेवटचा आडवा टप्पा सगळ्यांत वाईट होता. सॉमरव्हेलनी तो स्वतःकडे घेतला. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक मागे नॉर्टन-मॅलरीकडे. एकेक पाऊल पाडत ते गेले आणि हमालांपासून सुमारे दहा यार्डांवर दोर संपला. आता त्या चौघांना तेवढं अंतर दोराशिवाय यावं लागणार होतं. पहिले दोघे आले. मागचे दोघे एकदम निघाले आणि त्यांच्या पायाखालचं बर्फ सुटलं. ते घसरले आणि काही यार्डांवर, नुसत्या नशिबानं, थांबले. खाली खोल उतार. सॉमरव्हेलनी त्यांना हलू नका म्हणून सांगितलं, आलेल्या दोघांना आधी मागे पोचतं केलं. मग बर्फाची कुऱ्हाड खोल रोवली, स्वतःच्या कमरेचा दोर सोडला, तो कुऱ्हाडीभोवती घेतला, एका हातानं दोराचं टोक धरलं आणि दुसरा हात जितका लांबवता येईल तितका लांबवून एकेकाला मानगुटीला धरून ओढून घेतलं.

स्वतःचा दोर सोडला. बावीस साली जे वाटून घ्यायचं राहिलं होतं, ते चोवीस साली या माणसानं मागून घेतलं, असं मला वाटतं.

त्यानंतर अकराच दिवसांनी, ४ जूनला, नॉर्टन आणि सॉमरव्हेल ऑक्सिजनशिवाय शिखराकडे निघाले. गळा पूर्ण धरल्यामुळे सॉमरव्हेल सुमारे साडेआठ हजार मीटरवर थांबले, नॉर्टन एकटे ८,५७२ मीटरपर्यंत गेले. ऑक्सिजनशिवाय यापेक्षा वर जायला माणसाला १९७८ साल उजाडावं लागलं. उतरताना सॉमरव्हेलचा श्वास अडकला. थंड हवेनं घशातलं अस्तर जळून सुटलं होतं आणि तेच घशात बसलं. नॉर्टन पुढे होते, हाक मारायला आवाज नव्हता. ते बर्फात बसले, आता संपलं म्हणून. मग दोन्ही हातांनी छाती जोरात दाबली, आणि ते अडकलेलं रक्तासकट बाहेर पडलं. आपणच आपल्यावर केलेला उपचार. त्यांनी आपला छोटा कॅमेरा मॅलरीला दिला होता. १९९९ मध्ये मॅलरीचा देह मिळाला, कॅमेरा नाही.

मोहिमेनंतर ते पुन्हा नेय्यूरला. १९२५ मध्ये मार्गारेट होप सिम्प्सन यांच्याशी लग्न झालं, तीन मुलगे झाले. आणि पुढची वीसहून अधिक वर्षं नेय्यूर आणि आजूबाजूच्या शाखांची इस्पितळं. पोटाच्या अल्सरच्या शस्त्रक्रियांत त्यांचं नाव झालं, कारण त्या भागात तो आजार घरोघरी. पान-तंबाखूनं होणारा तोंडाचा कर्करोग, कुष्ठरोग, बाळंतपणातले अडलेले प्रसंग, सगळंच समोर यायचं. मधल्या वेळात चित्रं चालूच, हिमालयाची किती तरी. तिबेटी गाण्यांच्या चाली त्यांनी ऐकून लिहून घेतल्या होत्या, त्या मोहिमेच्या चित्रपटासाठी वाजवल्या गेल्या. सरकारनं १९३८ मध्ये कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९४९ पासून १९६१ पर्यंत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया शिकवली. मग निवृत्त होऊन आपल्या लेक डिस्ट्रिक्टला परतले. तिथे अल्पाइन क्लबचं अध्यक्षपदही सांभाळलं. २३ जानेवारी १९७५ ला ॲम्बलसाइडला गेले.

आणखी एक गोष्ट राहिली. १९२४ च्या शामोनीच्या पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १९२२ च्या मोहिमेला गिर्यारोहणाचं पदक दिलं गेलं. त्या यादीत मेलेल्या सात जणांचाही समावेश होता. उशिरा का होईना, कुणीतरी त्यांना मोहिमेतलं म्हणून मोजलं.

सॉमरव्हेल संत होते असं मला म्हणायचं नाही. एका सकाळी त्यांनी चुकीचा निर्णय घेतला आणि सात घरं उघडी पडली. त्यांनी ते नशिबावर ढकललं नाही, हवामानावर ढकललं नाही, मागाहून स्वतःला सोडवून घेतलं नाही. मला तेवढंच पुरे आहे. माझ्या वाक्यानं कुणी मेलं नाही, कारण समोर भैया होता. पण ते माझं शहाणपण नव्हे.

पुस्तक परत केलं त्या दिवशी मी भैयाला फोन लावला. माझं नाव सांगितलं तरी ओळख पटेना. मग बेळगावची बारा पोरं, परत फिरवलेली, असं सांगितल्यावर पटली. मी माफी मागितली. तो म्हणाला की प्रत्येक हंगामात कुणी ना कुणी तसं बोलतंच. मग त्यानंच विचारलं की तिकडे पाऊस कसा झाला. सामान वाहणाऱ्या त्या लहान पोराचं नाव मी तेव्हा विचारलं नव्हतं. या वेळी विचारून घेतलं.

येत्या जानेवारीत तुमच्यातले जे जाणार आहेत, त्यांनी जरूर जावं. बर्फ फार सुंदर असतं. पण निघण्याआधी इशारा बघा, गाईड मागे फिरा म्हणाला तर वाद न घालता फिरा, आणि आपण हट्ट धरतो आहोत तेव्हा पहिलं पाऊल कुणाचं पडणार आहे, एवढं एकदा स्वतःला विचारा.